उसवलेली लोकर

महिनाभर खपून विणलेला स्वेटर खांद्यात घट्ट व्हावा, याचे दुःख विणणाऱ्यालाच ठाऊक. तो उसवायला हात धजत नाही. परंतु त्यातील धागा वाया गेलेला नसतो.

प्रथम जोडांची शिवण जपून सोडवावी. येथे चुकून विणीचाच धागा कापला गेला, तर पुढे तुकडेच हाती येतात. मग ज्या टोकाला टाके बंद केले, तेथून धागा ओढावा. तो सरसर सुटतो. मात्र गरम पाण्यात चोळून आटलेला स्वेटर उसवत नाही, कारण त्याचे तंतू एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात.

सुटलेला धागा कुरळा असतो. टाक्यांचा आकार त्याने धरून ठेवलेला असतो. तसाच विणल्यास वीण खडबडीत दिसते. म्हणून धागा खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून त्याची लड करावी, ती चार ठिकाणी सैल बांधावी आणि कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, न पिळता टांगावी. पाण्याने लोकरीच्या तंतूंमधील काही बंध सुटतात आणि वाळताना नव्याने जुळतात. त्यामुळे धागा बराचसा सरळ होतो. अ‍ॅक्रिलिकचा धागा पाण्याला अशी दाद देत नाही.

वाळलेल्या लडीचे गुंडे करून आधी लहानसा नमुना विणावा व त्यावरील टाके मोजावेत. पहिल्या वेळी बहुधा हेच राहून गेलेले असते.