खेळण्यातील आगगाडी आणि तिचे चाहते

विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या एका दुकानदाराने जोशुआ लायोनेल कॉवेन याच्याकडून विजेवर रुळांवरून फिरणारा एक लहानसा डबा घेतला. काचेआड मांडलेल्या मालाकडे रस्त्यावरील लोकांचे लक्ष जावे, एवढाच हेतू होता. परंतु गिऱ्हाइके माल सोडून त्या डब्याचाच भाव विचारू लागली. अमेरिकेतील ‘लायोनेल’ या प्रसिद्ध कंपनीच्या भरभराटीची ही सुरुवात मानली जाते.

त्याआधी, १८९१ मध्ये, जर्मनीतील ‘मार्कलिन’ने लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत ठरावीक मापाचे रूळ मांडले होते. माप निश्चित झाल्याने घरात एकदा आलेल्या गाडीला पुढे नवा डबा, नवे स्थानक जोडता येऊ लागले. खेळण्याचा छंद झाला तो येथेच.

या छंदाला पुढे अनेक शाखा फुटल्या. संग्राहकाला जुनी पत्र्याची गाडी हवी असते. रंग अभंग आणि मूळ खोका शाबूत असला, तर तिचे मोल वाढते. म्हणून तो ती सहसा चालवत नाही. प्रतिकृतिकाराचा जीव प्रमाणात गुंतलेला असतो. १:८७ या प्रमाणात १७४ सेंटिमीटर उंचीचा माणूस केवळ दोन सेंटिमीटरचा होतो. तेथे रिव्हेटदेखील मोजून बसवावे लागतात. तिसरा डोंगर, बोगदे, गावे उभारण्यात रमतो. चौथा वेळापत्रक आखून मालगाड्यांची वाहतूक सांभाळतो. आणि केवळ गोल फिरणारी गाडी पाहून आनंदणारा पाचवा! जाणकार त्याला हसतात. पण लहान मुलाच्या आनंदाशी सर्वांत जवळचे नाते त्याचेच.

प्रत्येक छंदिष्टाला अखेर एक प्रश्न गाठतोच : आपल्यामागे याचे काय? ज्या घरात बंद खोकी कधी उघडलीच नाहीत, तेथे मुलांच्या हाती केवळ वस्तू येतात. त्यांतील आवड येत नाही. पुण्यात भाऊसाहेब जोशी यांनी आपला छंद सर्वांसाठी खुला केला. १९९८ मध्ये कोथरूड येथे त्यांचे लघुरेल्वे संग्रहालय सुरू झाले. तेथील गाड्या प्रेक्षकांसमोर धावतात, आणि कुटुंबाच्या पुढील पिढीने ते कार्य चालू ठेवले आहे.

वारसा कुलुपात टिकतो खरा. पण मुलांसमोर गाडी धावली, तरच तो त्यांच्यापर्यंत पोहोचतो.