वारसा सगळ्यांचा, खर्च कुणाचा?

मुंबईच्या काळा घोडा परिसरातल्या एस्प्लनेड मॅन्शनला जाणकार आजही वॉटसन हॉटेल म्हणतात. फोर्टची तटबंदी पडली त्या दशकात, १८६०नंतर, ही इमारत उभी राहिली. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याचा. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाच्या छताच्या कामातही त्याचा हात होता. बिडाचे खांब आणि तुळया इंग्लंडात ओतून जहाजानं मुंबईत आणल्या आणि इथं जोडल्या. संपूर्ण बिडाच्या सांगाड्यावर उभ्या असलेल्या, जगात शिल्लक राहिलेल्या सर्वांत जुन्या बहुमजली इमारतींत तिची गणना होते. १८९६ साली मार्क ट्वेन इथं उतरला. त्याच वर्षी ७ जुलैला ल्यूमिए बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली तीही इथंच. तिकीट होतं एक रुपया.

पुढं हॉटेल बंद पडलं. खोल्यांना आडभिंती घालून वकिलांची कार्यालयं, दुकानं आणि बिऱ्हाडं थाटली गेली. २००५ मध्ये सज्जांचा काही भाग कोसळून एकाचा जीव गेला. जागतिक स्मारक निधीनं २००६च्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत तिचं नाव घातलं. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानं इमारत रिकामी झाली. आयआयटी मुंबईच्या अहवालानं ती पाडण्याची शिफारस केली. वारसा-वास्तुविशारदांनी त्या शिफारशीला विरोध केला. तेव्हापासून चर्चा सांगाड्याच्या मजबुतीभोवतीच फिरते आहे. तो प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण सांगाडा या अवस्थेला का आला, याचं उत्तर त्यात नाही.

ते उत्तर भाडेकायद्यात सापडतं. १९४७च्या कायद्यानं मुंबईतल्या जुन्या इमारतींची भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला छप्पर मिळालं, हे त्या कायद्याचं मोठं काम. पण त्या भाड्यात गळकं छतही दुरुस्त होईना, तेव्हा मालकानं हात वर केले. १९६९च्या कायद्यानं इमारत दुरुस्ती मंडळ आलं, उपकर गोळा होऊ लागला; तरी मंडळाच्या दुरुस्तीला खर्चाची मर्यादा होती. साधी चाळ टेकू देऊन उभी ठेवता येते. दीडशे वर्षांचं बीड सांभाळायला वेगळे कारागीर लागतात आणि पैसाही कैक पटींनी जास्त लागतो.

१९९५ मध्ये मुंबईत वारसा नियमावली आली. देशातल्या शहरांत अशी ही पहिलीच. तिनं मालकाला परवानगीशिवाय इमारतीला हात लावायला मनाई केली. पण रोजच्या देखभालीसाठी पुरेशी तरतूद झाली नाही. दुसरीकडं, विकास नियमावलीच्या कलम ३३(७)खाली उपकरप्राप्त इमारत पाडून नवी बांधली, तर भाडेकरूला मोफत मालकीचं घर आणि विकासकाला विक्रीसाठी जादा चटईक्षेत्र. म्हणजे पाडण्यात सगळ्यांचा फायदा आणि जपण्यात सगळ्यांचा तोटा, असा हिशेब व्यवस्थेनंच मांडून ठेवला. अशा वेळी भाडेकरूला वारसाद्रोही ठरवणं हा निव्वळ अन्याय.

गिरगावच्या रॉयल ऑपेरा हाउसशी वॉटसनची तुलना करून पाहावी. तेही अनेक वर्षं बंद होतं, तरी २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. मालक एकच, गोंडलचं राजघराणं. निर्णय घेणारा आणि खर्च उचलणारा वेगळा नव्हता.

वॉटसनला असा एकच धनी नाही. म्हणून तिथं सरकारनंच पुढं यायला हवं: भाडेकरूंचं जवळच्याच भागात कायमचं पुनर्वसन, मालकाला योग्य मोबदला आणि मिळणाऱ्या उत्पन्नातून चालणारा स्वतंत्र देखभाल निधी. वारसा यादीत नाव घालणाऱ्यानं खर्चाचा रकानाही भरावा. तो रिकामा ठेवायचा असेल, तर इमारत मोडीत काढण्याचा निर्णय आपण कधीच घेतला आहे, एवढं तरी कबूल करावं.