फुकट वकील कोणाला मिळतो?

तुमच्यापैकी पुष्कळांचे कोणी ना कोणी मुंबईस आहे. कुणाचा मुलगा लालबागला, कुणाची बहीण दादरला. म्हणून तिकडचीच एक हकीकत आम्ही सांगतो.

परळच्या एका चाळीत एक विधवा बाई राहतात. खोली खाली करून मागण्यासाठी मालकाने धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात दावा लावला. समन्स आले. शेजारी म्हणाले, "आजी, वकील फुकट मिळतो." आजी म्हणाल्या, "तो भिकाऱ्यांना. माझा पोरगा कमावता आहे." वकिलाला द्यायला पैसे नाहीत आणि मागायची लाज! तारखा गेल्या. एकतर्फी निकाल लागला. मग त्या कागद घेऊन आमच्याकडे आल्या.

आजींची समजूत साफ चूक होती. १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याप्रमाणे स्त्रीला मिळकत विचारायचीच नाही. लहान मूल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, अपंग, कारखान्यातला कामगार, तुरुंगातला कैदी, पूर-दुष्काळ-भूकंपात सापडलेला, यांनाही मिळकतीची अट नाही. गिरणगावात हे कलम कितीकांच्या कामाचे होते! पण माहीत असेल तर ना.

बाकीच्यांना मात्र मिळकतीची मर्यादा आहे. महाराष्ट्रात ती वर्षाला ३ लाख रुपये आहे. आता हिशेब करा. महिना २४ हजार पगार असेल तर बारा महिन्यांचे २ लाख ८८ हजार झाले. म्हणजे हा माणूस बसतो. पण गावच्या शेताचे किंवा भाड्याचे पैसे येत असतील तर तेही मिळवायचे. चोरून ठेवू नये. खोटे लिहिले तर मिळालेली मदत बंद होते.

मिळकत किती, हे प्रतिज्ञापत्रावर लिहून दिले तरी चालते. संशय आला तरच अधिकारी अधिक चौकशी करतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला असेल तर काम सोपे होते. आणखी एक गोष्ट पाहतात. दाव्यात काही दम आहे की नाही? उगीच कुणाला छळायला वकील मिळत नाही.

मुंबईत ही गोष्ट नवी नाही. १९२४ साली तिथे गरिबांना कायद्याची मदत देणारी संस्था निघाली होती. १९४९ साली न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली मुंबई प्रांताने याच कामासाठी समिती नेमली. त्यांचे चिरंजीव पी. एन. भगवती पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. त्यांनीही हे काम पुष्कळ पुढे नेले.

अर्ज साध्या कागदावर करता येतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावे, तिथली माणसे लिहून घेतात. जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते आणि तालुक्याच्या कोर्टात समिती असते. फोन १५१०० वर करावा. कोर्ट फी, नकला, टायपिंग यांचा खर्चही मदतीत येतो. दिलेल्या वकिलाने तुमच्याकडे पैसे मागायचे नाहीत. मागितले तर त्याच कार्यालयात तक्रार करावी.

एकतर्फी निकाल रद्द करण्यासाठी ३० दिवसांत अर्ज करावा लागतो, आणि हजर का राहिलो नाही त्याचे सबळ कारण द्यावे लागते. आजी आल्या तेव्हा नऊ दिवस उरले होते. आम्ही त्यांना घेऊन दुसऱ्याच दिवशी गेलो. वकील मिळाला. अर्जाचा निकाल अजून व्हायचा आहे.