वाघाचे २५ लाख, सापाचे २ लाख

*घरातलं माणूस अचानक जातं. रडणं थांबायच्या आत कागद सुरू होतात. कोणता कागद, कोणत्या ऑफिसात, किती दिवसांत? चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात या प्रश्नांच्या उत्तरावर एका घराची पुढची वीस वर्षं ठरतात. आणि हे उत्तर शोधायचा फोन बहुतेक वेळा शहरातल्या शिकलेल्या पोराला जातो. म्हणजे कदाचित तुम्हाला!*

लाँग वीकेंड जवळ आला की ऑफिसात कुणीतरी ताडोबाचा विषय काढतंच. मोहर्ली गेट घ्यायचं की कोलारा? सकाळची सफारी की दुपारची? मागच्या वेळी वाघ दिसला होता का? कॅमेऱ्याच्या लेन्सपासून रिसॉर्टच्या बुफेपर्यंत सगळी चर्चा होते. एक गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ज्या नावाचं आपण बुकिंग करतो, ते नावच मुळी वाघाच्या हल्ल्यात गेलेल्या एका माणसाचं आहे. दंतकथा सांगते की तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला. आदिवासींनी त्याला देव मानलं. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे आणि पौषात तिथे जत्रा भरत आली आहे. तारूचा ताडोबा झाला, आणि १९५५ मध्ये याच नावाने महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं.

तारूच्या घरच्यांना देवपण मिळालं. आजच्या तारूच्या घरच्यांना मिळतो अर्ज.

जंगल म्हणजे ऑफिसच

या भागात माणसं जंगलात हौसेने जात नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात, ती पहाटेच वेचावी लागतात. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. थोड्या दिवसांचं काम, पण वर्षाच्या रोख कमाईतला मोठा वाटा त्यातून येतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने हे गौण वनोपज गोळा करायचा हक्कही दिला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली होती. थोडक्यात काय, आपण लॅपटॉप उघडतो तसं तिथली बाई टोपली उचलते आणि कामाला लागते.

आणि त्याच कामावर वाघ भेटतो. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्याआधी 'सीटी-१' या वाघाने गडचिरोली, भंडारा आणि ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात १३ माणसं मारली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा भागात तो पकडला गेला. वनखात्याची माणसंही यातून सुटलेली नाहीत. २० नोव्हेंबर २०२१ ला व्याघ्रगणनेच्या सर्व्हेला पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा जीव 'माया' वाघिणीने घेतला. हो, तीच माया! पर्यटकांनी जिच्या फोटोंनी हार्ड डिस्क भरल्या, ती त्या काळातली ताडोबाची सेलिब्रिटी.

खिडकी नंबर एक : वाघ

आता मुद्द्याचं. वाघाने माणूस मारला तर महाराष्ट्र सरकार वारसांना पैसे देतं. ही रक्कम २०१५ मध्ये ८ लाख होती. ऑगस्ट २०२२ मध्ये १५ लाखांचे २० लाख झाले आणि २०२३ मध्ये २५ लाख. यातला काही भाग ताबडतोब चेकने मिळतो, बाकीचा वारसांच्या नावाने फिक्स्ड डिपॉझिटमध्ये ठेवला जातो. वाघासोबत बिबट्या, अस्वल, रानडुक्कर, गवा, हत्ती, लांडगा, मगर असे बरेच प्राणी या यादीत आहेत. हत्ती तर २०२१ पासून छत्तीसगडच्या बाजूने गडचिरोलीत आले, तेव्हापासून तोही कागदावरचा विषय राहिलेला नाही.

या पैशाचं सरकारी नाव आहे 'सानुग्रह'. म्हणजे कृपा म्हणून दिलेलं. यात चूक कुणाची हे कुणी विचारत नाही. वाघावर एफआयआर होत नाही, आणि वनखात्यावरही नाही. कोर्टात जावं लागत नाही, वकील लागत नाही, साक्षीपुरावे लागत नाहीत. हे चांगलंच आहे. ज्या घरात उद्याच्या पिठाची सोय नाही, त्या घराला पाच वर्षं चालणारी केस परवडत नाही.

अजून एक गोष्ट चांगली आहे, आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही. ही रक्कम सगळ्यांना सारखी आहे. मोहफुलं वेचणारी म्हातारी असो की सफारीला आलेला सॉफ्टवेअर इंजिनीअर, आकडा २५ लाखच. पगाराची स्लिप कुणी मागत नाही.

खिडकी नंबर दोन : साप आणि करंट

त्याच गावात, त्याच बांधावर, त्याच पहाटे वाघाऐवजी मण्यार चावली तर?

साप वनखात्याच्या या यादीत नाही. मग दुसरी खिडकी. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाला तर २ लाख मिळतात. पण ते शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका व्यक्तीला. सातबाऱ्यावर घराचं नाव नसलेल्या मजुराला ही खिडकी बंद. भूमिहीन बाई दुसऱ्याच्या धानात निंदण करताना साप चावून गेली, तर तिच्या पोरांच्या हाती काय येतं याचा हिशेब तुम्हीच करा.

तिसरा प्रकार करंटचा. रानडुकरं येऊ नयेत म्हणून काही जण शेताच्या कुंपणात चोरून वीज सोडतात आणि त्यात माणूस सापडतो. कधी जुनी वायर तुटून रस्त्यावर पडते. इथे मात्र चूक कुणाची हा प्रश्न येतो आणि कायदा त्याचं उत्तरही देतो. २००२ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वीज ही मुळातच धोकादायक वस्तू आहे. वायर कुणी चोरून टाकली असली तरी वीज मंडळ हात झटकू शकत नाही. म्हणजे अशा मृत्यूत निष्काळजीपणा सिद्ध करत बसायचीही गरज नाही. पण हे गावात सांगणार कोण?

खिडकी नंबर तीन : ट्रक

चंद्रपूर म्हणजे कोळसा आणि सिमेंट. गडचिरोलीत सुरजागडचं लोहखनिज. म्हणजे रस्त्यावर ट्रकच ट्रक. ट्रकखाली माणूस गेला तर मोटार अपघात दावा प्राधिकरणात जायचं आणि ट्रकच्या विमा कंपनीकडून भरपाई मागायची. इथे आकडा ठरलेला नाही, तो गणिताने निघतो. सुप्रीम कोर्टाच्या २००९ च्या 'सरला वर्मा' आणि २०१७ च्या 'प्रणय सेठी' निकालांनी हे गणित बसवून दिलं आहे. करून बघू या?

समजा २८ वर्षांचा एक नोकरदार. पर्मनंट जॉब, टॅक्स कापून हातात महिना ५० हजार. घरात बायको, मूल, आई. वर्षाचे ६ लाख. पुढे पगार वाढला असता म्हणून त्यात ५० टक्के जोडायचे, ९ लाख. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा, उरले ६ लाख. त्या वयाचा गुणक १७. उत्तर : १ कोटी २ लाख.

आता तिथलीच २८ वर्षांची मजूर बाई. नवरा आणि दोन मुलं. कमाईचा कागद नाही, म्हणून कोर्टाने महिना ९ हजार धरले असं समजू. वर्षाचे १ लाख ८ हजार. ४० टक्के वाढ धरून १ लाख ५१ हजार २००. एक तृतीयांश वजा, गुणिले १७. उत्तर : १७ लाख १३ हजार ६००. दोन्हीकडे अंत्यसंस्कार वगैरेंची थोडी ठरावीक रक्कम वर.

वय तेच, रस्ता तोच, ट्रकही तोच. फरक ८५ लाखांचा.

घरकामाचं काय? जमशेदपूरच्या १९८९ च्या आगीच्या प्रकरणात २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने गृहिणीच्या कामाची किंमत महिना ३ हजार धरली. २०२१ मध्ये तर कोर्टाने स्पष्टच म्हटलं की गृहिणीचं उत्पन्न धरणं ही तिच्या श्रमाची दखल आहे. दावा लिहिताना 'काही करत नव्हती' असं लिहू देऊ नका, ते यासाठी.

आणि ट्रक पळून गेला, नंबरच मिळाला नाही तर? एप्रिल २०२२ पासून 'हिट अँड रन'साठी २ लाख. त्याआधी होते फक्त २५ हजार.

पण चूक कुणाची?

एवढं वाचल्यावर वाटेल, चला, काही ना काही मिळतंच. मिळतं. पण घरच्यांना फक्त पैसे हवे असतात असं नाही. वाघाचा हल्ला झाला की गावकरी कितीदा तरी मृतदेह उचलू देत नाहीत, वनखात्याच्या गाड्या अडवतात. तेव्हा मागणी काय असते? वाघाला पकडा. शेताला कुंपण द्या. दिवसा वीज द्या, म्हणजे रात्री पाणी द्यायला जावं लागणार नाही. हा वाघ इथे फिरतोय हे तुम्हाला माहीत होतं, मग सांगितलं का नाही? या प्रश्नांचं उत्तर चेकवर लिहिलेलं नसतं.

कायद्यात हा प्रश्न विचारायला जागा आहे, आणि ती जुनी आहे. इंग्रजी कायद्यात पूर्वी माणूस मेला की त्याचा दावाही मेला असं मानत. १८४६ मध्ये इंग्लंडने ते बदललं आणि १८५५ मध्ये भारतात प्राणघातक अपघात कायदा आला. कुणाच्या चुकीने मृत्यू झाला तर नवरा, बायको, आईवडील, मुलं यांच्यासाठी नुकसानभरपाईचा दावा लावता येतो. मुदत दोन वर्षं. दिल्लीच्या उपहार थिएटरची आग आठवते? १३ जून १९९७, ५९ मृत्यू. घरच्यांनी एकत्र येऊन केस लढवली. २००३ मध्ये हायकोर्टाने मोठ्यांसाठी १८ लाख आणि लहानांसाठी १५ लाख ठरवले. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते १० आणि साडेसात लाखांवर आणले. चौदा वर्षं! पैसे कमी झाले, पण चूक कुणाची होती ते कागदावर आलं.

सुंदरबनातही असंच झालं. वाघाने मारलेल्या मच्छीमारांच्या विधवांना 'तुमचा नवरा मनाई असलेल्या कोअर भागात गेला होता' असं सांगून परत पाठवलं जायचं. २०२३ मध्ये अशी एक विधवा कलकत्ता हायकोर्टात गेली आणि कोर्टाने तिला ५ लाख द्यायला लावले. एका बाईने हट्ट धरला, तेव्हा मागच्या बायकांना वाट मिळाली.

फोन आला तर...

'भाऊ, तू शिकलेला आहेस, जरा पाहून घे ना.' गावाकडून असा फोन आला तर या गोष्टी लगेच करा.

• पोस्टमार्टम झाल्याशिवाय अंत्यसंस्कार नको. सर्पदंशात तर हमखास हीच चूक होते. आधी मांत्रिक, मग थेट स्मशान. मृत्यूचं कारण कागदावर आलंच नाही तर दावा तिथेच संपतो.

• वन्यप्राणी असेल तर त्याच दिवशी वनरक्षक किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला कळवा. वनखात्याची हेल्पलाइन १९२६. पोलिसांनाही सांगा. पंचनाम्यात जागा, वेळ आणि माणूस तिथे काय काम करत होता हे नीट लिहून घ्या आणि प्रत मागा.

• शेतकरी कुटुंब असेल तर तालुका कृषी अधिकारी कार्यालय गाठा. सातबारा सोबत न्या.

• गाडीचा अपघात असेल तर एफआयआर, गाडीचा नंबर आणि विम्याची माहिती मिळवा. एप्रिल २०२२ पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत आली आहे. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं गेलं, पण त्या भरवशावर थांबू नका.

• वारसांची नावं सुरुवातीलाच मिटवा. आधार, रेशन कार्ड आणि बँक पासबुकात नावं वेगवेगळी असतात आणि पैसे तिथेच अडकतात. खातं बायकोच्या नावाने आहे ना, ते बघा.

• वकील फुकट मिळतो. बाई असेल किंवा अनुसूचित जाती-जमातीचं कुटुंब असेल तर उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण वकील देतं. हेल्पलाइन १५१००. टक्केवारीवर 'काम करून देतो' म्हणणाऱ्याला आधी हा नंबर सांगा.

यातलं कुठलंही काम अवघड नाही. आपण यापेक्षा जास्त डोकं होम लोनच्या फॉर्मला लावतो. पण घरात माणूस गेलेलं असताना हे सुचत नाही, आणि पहिले दोन दिवस निघून गेले की कागद हाती येत नाहीत.

पुढच्या वेळी ताडोबाच्या गेटवर जिप्सीची वाट बघत उभे असाल, तेव्हा गाईडला वाघ कुठे दिसला हे विचाराच. सोबत त्याचं गाव कोणतं आणि या हंगामात तेंदूपत्ता कसा झाला, तेही विचारा. त्याच्याकडे या सगळ्याची उत्तरं असतात.