मीठ, साखर आणि पाण्याची जोडी

बाळाला जुलाब लागले की घरात कुणीतरी म्हणतंच, "पाणी देऊ नका, पोट आणखी वाहील." आम्हीही हेच ऐकत आलो. पण आतड्यात खरं काय घडतं, ते आज पाहू.

मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे दोन भाग होतात, सोडियम आणि क्लोराइड. जुलाबात पाण्याबरोबर हे क्षारही निघून जातात. नुसत्या पाण्यानं ते भरून येत नाहीत. आतड्याच्या अस्तरात सोडियम आणि साखरेतलं ग्लुकोज यांना जोडीनं आत घेणारी दारं असतात. जुलाबातही ती चालू राहतात. जोडी आत गेली की पाणी तिच्या मागोमाग जातं.

म्हणून आशाताईंकडून ओआरएसचं पाकीट आणा. ते नसेल तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात चहाच्या चमच्यानं ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. माप चुकवू नका. मीठ जास्त झालं तर बाळाला धोका, साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात. चमच्याचमच्यानं पाजा, अंगावरचं दूध चालू ठेवा. उरलेलं दुसऱ्या दिवशी टाकून द्या.

बाळ मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी होईना किंवा शौचात रक्त दिसलं, तर पाजत पाजतच दवाखाना गाठा.