ऊर्जा नाहीशी का होत नाही?

ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि नष्टही होत नाही, हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले असते. असे का, हा प्रश्न मात्र परीक्षेत सहसा येत नाही. त्याचे सखोल उत्तर १९१८ साली एमी नोदर या जर्मन गणितज्ञ महिलेने दिले. तेव्हा त्या गॉटिंगेन विद्यापीठात बिनपगारी शिकवत होत्या आणि त्यांचे तास डेव्हिड हिल्बर्ट यांच्या नावावर जाहीर होत. स्त्रीला अध्यापनाचा अधिकार द्यायला विद्यापीठ तयार नव्हते. तो मिळायला १९१९ उजाडले.

बदल करूनही जे जसेच्या तसे राहते, त्यात सममिती असते. वर्तुळ कितीही फिरवा, ते तसेच दिसते. नोदर यांनी हीच कसोटी निसर्गनियमांना लावली. प्रयोग आज करा की उद्या, नियम तोच राहतो; या सममितीतूनच ऊर्जेची अक्षय्यता निघते. प्रयोग इथे करा की चार कोसांवर, नियम बदलत नाही. त्यातून संवेगाची अक्षय्यता येते. दिशा बदलली तरी नियम तोच, म्हणून कोनीय संवेग टिकतो. फिरत्या खुर्चीवर बसून पसरलेले हात जवळ घेतले की वेग वाढतो, तो यामुळेच. अट एकच: सममिती वर्तुळासारखी सलग हवी. चौरस ९० अंशांच्या टप्प्यांनीच जुळतो; तसल्या सममितीला हे प्रमेय लागू होत नाही.

भौतिकशास्त्रज्ञ नोदर यांना याच प्रमेयामुळे ओळखतात. गणितज्ञांना विचाराल, तर ते आधी बीजगणिताचे नाव घेतील, आणि माझ्या मते त्यांचा खरा स्वभाव तिथेच दिसतो. १९०७ च्या डॉक्टरेटच्या प्रबंधात त्यांनी ३०० हून अधिक राशींची जंत्री मांडली होती. पुढे त्यांनीच त्या कामाला कचरा म्हटले! आकडेमोड बाजूला सारून तिच्यामागची रचना पाहायची, हा त्यांचा ध्यास झाला.

उदाहरण पाहा. १२ चे मूळ अवयव नेहमी २, २ आणि ३ हेच. पण संख्यांमध्ये उणे ५ चे वर्गमूळ मिसळले की ६ चे अवयव २ आणि ३ असेही पडतात, आणि १ मध्ये ते वर्गमूळ मिळवून व वजा करून येणाऱ्या दोन संख्या असेही. ही गडबड आवरण्यासाठी आधीच्या गणितज्ञांनी सुट्या संख्यांऐवजी ‘आयडियल’ नावाचे संख्यांचे संच वापरले होते. १९२१ च्या शोधनिबंधात नोदर यांनी विचारले, अवयवांच्या या मांडणीला मुळात आधार कशाचा? उत्तर साधे निघाले: एकाहून एक मोठ्या आयडियलची साखळी कुठेतरी थांबली पाहिजे. मग संख्या असोत की बहुपदी, एकच सिद्धता दोन्हींना पुरते.

ज्यू असल्याने १९३३ मध्ये नाझी राजवटीने त्यांना विद्यापीठातून काढले. त्या अमेरिकेतील ब्रिन मॉर या महिला महाविद्यालयात गेल्या आणि १९३५ मध्ये शस्त्रक्रियेनंतर, अवघ्या ५३ व्या वर्षी, वारल्या. आपल्या पद्धती म्हणजे विचार करण्याच्या रीती आहेत, त्यामुळे त्या नावाविनाच सगळीकडे शिरल्या, असे त्यांनी एका सहकाऱ्याला कळवले होते. आज मात्र ज्या संख्याव्यवस्थांत ती साखळी थांबते, त्यांना गणितात ‘नोदेरियन’च म्हणतात.