सहा खाटांचा नकाशा

दवाखाना लहान, म्हणजे त्याचा नकाशा सोपा, असं आपण धरून चालतो. खरं तर मोठ्या रुग्णालयातली चूक माणसं वाढवून झाकता येते. सहा खाटांच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री बहुधा एकच सिस्टर असते. प्रसूती कक्ष एका टोकाला आणि पुरुषांचा वॉर्ड दुसऱ्या टोकाला काढला, की इमारत उभी असेपर्यंत ती चूक तिच्या पायांनी फेडायची.

फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी हे फार आधी ओळखलं होतं. 1859 साली आलेल्या ‘नोट्स ऑन हॉस्पिटल्स’ या पुस्तकात त्या दयाबुद्धीपेक्षा भिंती, खिडक्या आणि अंतरं यांवरच जास्त बोलतात. लांबट, सुटा वॉर्ड. दोन्ही बाजूंना समोरासमोर खिडक्या. सगळ्या खाटा नजरेत राहतील अशी सिस्टरची खोली. संडास मात्र वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला. रोग दूषित हवेतून पसरतात ही त्यांची समजूत पुढे मोडीत निघाली, तरी आराखडा टिकला. कारण मोकळी हवा जंतूंनाही विरळ करते.

क्रिमियन युद्धाच्या वेळी, 1855 मध्ये, रेल्वे आणि पुलांसाठी गाजलेल्या ब्रुनेल या इंजिनिअरने दार्दानेल्सजवळच्या रेन्किओईसाठी लाकडी रुग्णालय आखलं. सुटे भाग इंग्लंडमध्ये बनले आणि जहाजांनी गेले. एका इमारतीत सुमारे 50 रुग्ण, आणि प्रत्येक इमारतीला स्वतःचे संडास, स्वतःची नर्सची खोली, हवा खेळवणारा पंखा. म्हणजे मोठं रुग्णालय त्याने लहान लहान दवाखान्यांचंच बनवलं. तिथे आलेल्या सुमारे 1,300 रुग्णांपैकी 50च्या आसपास दगावले. याचं सगळं श्रेय नकाशाला देता येणार नाही. रुग्णालय तिथे उभं राहीपर्यंत युद्ध ओसरत आलं होतं, आणि प्रवास झेपेल असेच बरेच रुग्ण आले.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या आरोग्य मानकांनी सपाट भागात 30,000 आणि डोंगरी-आदिवासी भागात 20,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र धरलं. खोल्यांची यादी त्यांत मिळते; वारा आणि ऊन मात्र गावागावाचं वेगळं. महाराष्ट्रात वॉर्ड पूर्व-पश्चिम लांब ठेवावा, खिडक्या उत्तर-दक्षिण भिंतींना द्याव्यात; उतरतं ऊन मग मुख्यतः आखूड भिंतीवर येतं. पावसाळी वारा नैर्ऋत्येचा, म्हणून संडास पूर्वेच्या टोकाला. कोकणात एवढ्यावर भागत नाही. तिरपा पाऊस आत आला की पहिल्या आठवड्यात खिडक्या बंद होतात आणि ऑक्टोबरपर्यंत उघडत नाहीत. तिथे रुंद पडवी आणि छतालगतचे झरोके हवेतच. ओपीडीत थांबायची जागा तर तीन बाजूंनी उघडीच असावी. तिथल्या खोकणाऱ्या माणसाला क्षय आहे की नाही, हे केसपेपर काढताना कुणालाच ठाऊक नसतं.

नकाशात सगळ्यात हमखास विसरला जातो तो नातेवाईक. वॉर्डात स्वयंपाकाला मनाई असते आणि ती रास्तच आहे. पण बाळंतिणीची सासू रात्री निजणार कुठे, पेज गरम करणार कुठे? जागा दिली नाही तर ती बोळात पथारी पसरते, आणि स्ट्रेचरसाठी ठेवलेल्या आठ फुटांतले चारच उरतात.

या प्रश्नाचं उत्तर गडचिरोलीत मिळालं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. दवाखान्यात का येत नाही, असं आदिवासींना विचारल्यावर मोठ्या इमारतीची भीती वाटते, डॉक्टर-नर्सचे पांढरे कपडे मृताची आठवण करून देतात, आणि आपल्या माणसाला जवळ राहू देत नाहीत, अशी कारणं निघाली. म्हणून शोधग्राम या संस्थेच्या परिसरात दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा बांधला, नातेवाइकांना सोबत राहता येईल असा; त्याला नाव दिलं आदिवासींच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं. नाइटिंगेलबाईंचा सुटा वॉर्ड आणि ही झोपडी यांत मला फारसं अंतर दिसत नाही. झोपडीत नातेवाइकाची जागा मोजली, एवढाच फरक.

तुमच्या गावात आरोग्य केंद्राचं बांधकाम मंजूर झालं असेल, तर नकाशा पक्का होण्याआधी तो तालुक्यातल्या एखाद्या जुन्या सिस्टरसमोर आणि गावातल्या दाईसमोर पसरा. रात्री दोन वाजता वीज गेली, एक बाई अडली आणि एका मुलाला सलाइन लावलंय, तर कुठून कुठे जाल, असं विचारा. त्या बोट फिरवतील तशी दारं हलवायला इंजिनिअरला सांगा. कागदावर दार हलवायला पैसे पडत नाहीत.